चिवट

तिसऱ्या फवारणीनंतरही लेकीच्या घरचे ढेकूण मेले नाहीत, तेव्हा फवारणीवाल्याने आधी जावयाला फैलावर घेतलं.

“ट्रक घेऊन कुठेकुठे लोळता, जावईबापू, आणि हे घरी आणता!”

जावई गादी उन्हात टाकायला गेला. लेकीने बाळाचं झबलं वर केलं. पाठभर लाल गांधी उठलेल्या. दोन चिघळल्या होत्या.

“बाबा, ताप उतरत नाहीये याचा. अख्ख्या गावाचे ढेकूण मारता, आणि नातवाचे तेवढे मरत नाहीत?”

ते त्याच्या जिव्हारी लागलं. त्याचं गिऱ्हाईक कधी तुटलं नव्हतं. दर दोन-तीन महिन्यांनी बोलावणं ठरलेलं. आणि लेकीच्या घरी तर त्याने बाटलीवर लिहिलेल्या मापानेच पाणी घातलं होतं. म्हणजे औषधातच खोट.

पंप खांद्यावर टाकून तो थेट औषधाच्या दुकानात घुसला.

“पाणी विकतोस? नातू तापाने फणफणलाय माझा!”

“ढेकूण आणलाय?” दुकानदाराने विचारलं.

आणला होता, काडेपेटीत. दुकानदाराने गिऱ्हाइकांच्या बाकाच्या फटीतून आणखी एक टोकरून काढला.

“औषध विकतोस आणि बाकात ढेकूण पाळतोस?”

“गिऱ्हाईक फार वेळ बसत नाही, काका.”

दोन्ही ढेकणांवर पंपातला एकेक थेंब पडला. थोड्या वेळाने बाकातला ढेकूण पाय झाडत उलटा झाला. काडेपेटीतला मजेत चालत राहिला.

“औषध चोख आहे. कुणीतरी वर्षानुवर्षं या ढेकणांवर पातळ औषध मारलंय. कच्चे मेले, दणकट वाचले. त्यांची पिल्लं दणकट, पिल्लांची पिल्लं त्याहून. आता यांना आंघोळ घातलीत तरी मरायचे नाहीत.”

“पातळ कशाला मारेल कुणी?”

“सगळे मेले तर पुन्हा बोलावणार कोण?”

फवारणीवाल्याने टेबलावर मूठ आपटली. “जावयानेच आणलेत कुठून तरी! सोडत नाही आता त्याला.”

“एवढे अंगावरून येत नाहीत, काका. सामानातून येतात. घरात जुनं काही आलंय का?”

“पलंग. बाळंतपणाला मीच दिला.”

“कुठला?”

मूठ टेबलावरच राहिली.

“लॉजवरचा,” फवारणीवाला म्हणाला. “तिथली फवारणी पहिल्यापासून माझ्याकडेच आहे.”