खापरावरचा अंगठा

सुब्बाराव बेंगळूरच्या संग्रहालयात उत्खननातली खापरं सांभाळत. शाळेची मुलं आली की एक खापर बाहेर निघे. त्यावर कुणा लहानग्या कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा होता. “कोणाचा बसतो बघू!” असं ते म्हणत. चोपन्न साली तो पहिलीतल्या मुलीला अगदी बरोबर बसला होता.

सहासष्ट साली हेमलता प्रबंधासाठी ठसे मोजायला आली. पट्टी लावून तिने नोंदवही पाहिली.

“अण्णा, वहीत अर्धा इंच लिहिलंय. हा तर मोठ्या माणसाचा ठसा! खापर बदललंत की काय?”

“तीस वर्षं नोकरी झाली, अक्का, असं कुणी म्हटलं नाही. नंबर तरी बघा!”

काळ्या शाईतला नंबर त्यांच्याच अक्षरातला होता.

सुब्बारावांनी खापर हातात घेतलं. दर साली ठसा जरा मोठ्या मुलाला बसत गेला होता. ‘हल्लीची पोरं लुकडी,’ म्हणून ते हसण्यावारी नेत आले होते.

त्यांनी आपला अंगठा ठशात ठेवला. नीट बसला.

उचलला, तेव्हा त्याला ओली माती लागली होती.