जावयाचं लायर

धाकटी नात चालायला लागली, त्याच वर्षी जावयाने लायर घरात आणलं. मांडीवर मावेल एवढी लाकडी चौकट आणि तिला सोळा तारा. त्याचा दातांचा दवाखाना दुपारचा बंद झाला की तो त्यावर आयर्लंडच्या जुन्या लोकधुना छेडत बसायचा. सासरे राहायचे त्याच्याच घरी, पण जन्म लेथ मशीनवर गेलेला. हे टिंग टिंग सुरू झालं की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"दातांच्या खुर्चीत माणसं रडवून तुझ्या नवऱ्याचं भागत नाही, म्हणून घरी येऊन तारा रडवतो," ते लेकीला म्हणायचे.

"बाबा, हळू. त्यांना ऐकू जाईल."

"जाऊ दे की! काहीतरी सुरातलं पडू दे त्याच्या कानावर."

अकरा वर्षं हेच चाललं. मग सासऱ्यांनी अंथरूण धरलं. "आता तरी बाबांना शांतता मिळू दे," असं लेकीने नवऱ्याला बजावलं आणि लायर कपाटात गेलं.

एका गुरुवारी सासऱ्यांनी जावयाला आत बोलावलं. "तुमचं ते डबडं घेऊन या."

जावई भीत भीत उशाशी बसला आणि एक धून वाजवू लागला. सासऱ्यांच्या कपाळावर आठी पडली, तसा तो गडबडून थांबला.


"थांबलात कशाला, जावईबापू? हा भाग दोनदा असतो. अकरा वर्षं वाजवताय तुम्ही आणि मोजायचं मी?"

त्याने तो भाग पुन्हा वाजवला. सासरे त्याच गुरुवारी दुपारी चार वाजता गेले.