चहावाल्याची शिफारस

"वाच ना," अवद म्हणाला. "मोठ्यानं वाच. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

ॲलन पर्विसच्या हातात एक पिवळा पडलेला कागद होता. घड्या फाटू नयेत म्हणून मागून चिकटपट्टी लावलेली. अक्षर त्याचंच, वीस वर्षांच्या कॉर्पोरलचं. एकोणीसशे सदुसष्टच्या नोव्हेंबरात इंग्रज फौज अरबस्तानातलं एडन बंदर सोडून निघाली, तेव्हाचं.

दर नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्सच्या क्लबात एडनला फौजेत असलेले म्हातारे जमत, दरवर्षी एखाददुसरा कमी. कुणी शेवटच्या हेलिकॉप्टरची गोष्ट सांगे, कुणी बाजारातल्या गोळीबाराची. पर्विस मात्र छावणीच्या फाटकाबाहेरच्या चहाबद्दल बोले. वेलदोडा, आटवलेलं दूध आणि एका हातात चार ग्लास धरून पळत येणारा अवद. "झालं, याचं चहापुराण सुरू," म्हणून बाकीचे त्याला गप्प करत. पण तसा चहा त्याला पुन्हा मिळाला नाही, आणि तसे दिवसही नाहीत. बायको गेली, गोदी बंद पडली. एडनमधल्या दुपारी तेवढ्या मनात राहिल्या आणि म्हातारपणी त्या फार छळू लागल्या.

तो अवद आपल्याच गावात, चार गल्ल्या सोडून राहतो, हे त्याला काल कळलं. अवदनं वर्तमानपत्रात क्लबाचा फोटो आणि त्याखाली पर्विसचं नाव पाहिलं आणि मुलीला निरोप घेऊन धाडलं. आज अवदकडं येण्याआधी पर्विसनं दोनदा दाढी केली होती. ही चिठ्ठी मात्र तो साफ विसरला होता.

फौज निघताना स्वयंपाकी, धोबी, चहावाले, सगळेच शिफारशीची चिठ्ठी मागत. पुढं नोकरीला उपयोगी पडते म्हणून. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, हे फौजेतल्या पोरांना ठाऊक. मग वाटेल ते लिहायचं आणि पोट धरधरून हसायचं. पर्विसनंही लिहिलं. अवदनं तो कागद डोळ्यांना लावला, आणि ट्रकमध्ये चढताना पर्विसला पहिल्यांदा हसू येईना.

'याचा चहा म्हणजे उंटाचं मूत. माणूस चोर आहे. दारात उभं करू नका.' खाली झोकदार सही.

"कुणाला दाखवलीस का रे ही?" पर्विसनं विचारलं.

"एकदाच. बोटीवर काम होतं, खलाशाचं. तिथल्या साहेबानं वाचली आणि खो खो हसला. म्हटलं, खूश झाला गडी. काम मात्र दुसऱ्याला दिलं." अवदनं ग्लास त्याच्यापुढं सरकवला. "तू वाच. चहा निवतोय."

खरं सांगून टाकावं, असं पर्विसला वाटलं. पण फाटकाबाहेरच्या चहापाशी वीस वर्षांचा ॲलन पाहिलेला हा एकच माणूस आता त्याच्या वाट्याला उरला होता. तोही गेला तर एडनमधल्या दुपारी कुणापाशी बसून आठवायच्या? त्यानं चष्मा नीट केला आणि कागदाकडं बघत वाचू लागला.

"अवद सईद याला मी दोन वर्षं ओळखतो. असा चहा अख्ख्या एडनमध्ये कुणी करत नाही. गोळीबार चालू असतानाही त्यानं आमच्या नाक्यावर चहा पोचवला. हा माझा मित्र आहे. याला सोडून जाताना मला वाईट वाटतंय." त्यानं कागद डोळ्यांजवळ धरला. "याला जो कामावर ठेवील, त्याचं भलं होईल."

अवद डोळे मिटून ऐकत होता. वाचून झाल्यावर त्यानं डोळे उघडले. मग त्यानं टेबलाच्या खणातून एक कोरा कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं आणि दोन्ही पर्विसपुढं ठेवलं.

"छान आहे, ॲलन," तो म्हणाला. "आता हे लिहून दे."