मासा थांबतो ती जागा

तो पळून गेला, असं तुम्ही सांगितलंत, साहेब. तळ्याकाठच्या वळणावरचा कठडा तुटला होता. तो तुम्ही त्याच आठवड्यात नवा बसवलात, वर पिवळा रंग फासलात आणि त्याच्या बायकोला विचारलंत, "घरात काही भांडण झालं होतं का, बाई? पुरुष असा उगाच टेम्पो घेऊन जात नाही." पाणबुडे आणलेत, तेही नावाला. एक दुपार त्यांनी कठड्याच्या अगदी खाली डुबक्या मारल्या, चहा घेतला आणि गेले.

ती बाई आता त्याच तळ्याच्या मधोमध बसली आहे.

दिराची कयाक तशी दोघांची. पण मागच्या जागेवर आजवर माशांची पेटीच बसत आलेली. आज त्यानं पेटी घरी ठेवली आणि वहिनीला बसवलं, जॅकेटचे पट्टे स्वतः आवळून दिले. फ्रिज दुरुस्त करणारा हा माणूस एरवी इतका बडबड्या, की गिऱ्हाइकं म्हणायची, फ्रिजचा आवाज परवडला, तुझा आवर. आज किनाऱ्यापासून इथवर तो अवाक्षर बोलला नव्हता.

त्यानं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं.

"वहिनी, इथं खाली नुसता चिखल आहे. सपाट. असल्या जागी मासा थांबत नाही, त्याला आडोसा लागतो. दगड म्हणा, बुडालेलं झाड म्हणा." तो पाण्याकडे बघत होता. "पावसाळ्यात सगळे मासे काठाला गेले, तरी इथं गळाला लागले. थंडीत लागले. आता उन्हाळा आला, अजून लागतायत."

"मग?" ती म्हणाली. पण तिला कळलं होतं.

तो तुमच्या कचेरीत येऊन गेला होता, साहेब. हेच त्यानं तुम्हाला सांगितलं. कठडा तुटला त्या दिवशी पूर होता, टेम्पो बुडायच्या आधी तरंगत आत आला असेल, हेही सांगितलं. साक्षीला मासे आणणार का, असं तुम्ही विचारलंत आणि सगळी कचेरी हसली.

तिनं त्याच्या हातातून गळाची काठी घेतली. तो नको म्हणाला, तिनं ऐकलं नाही. गळाला बांधलेलं शिसं तळाला टेकलं. तिनं ते उचललं, पुन्हा टेकवलं. शिवणयंत्रावर आयुष्य गेलेली तिची बोटं, दोरीतून येणारा तळ त्यांना कळत होता. मऊ. मऊ. मऊ.

मग ठक्क.

तिनं शिसं तिथंच टेकवून ठेवलं. खाली काही नसेल, तर तो कुठंतरी जिवंत आहे, दुसऱ्या कुणाच्या घरात ताटावर बसतो आहे. तसं धरूनच तिनं त्याला वर्षभर शिव्या घातल्या होत्या. लेकीला बजावलं होतं, बापाचं नाव काढायचं नाही. कपड्यांची मापं द्यायला येणाऱ्या बायका हळूच विचारायच्या, काही कळलं का गं, आणि उत्तराआधीच एकमेकींकडे बघायच्या. आणि खाली काही असेल, तर? देवाकडे नेमकं काय मागावं, तेच तिला कळेना.

वारा सुटला. कयाक कलत सरकली आणि गळ अडकला. काठी वाकून पार पाण्याला लागली.

"दोरी कापतो," दीर म्हणाला. "लाटा आत येतायत. जागा कळली, उद्या माणसं घेऊन येऊ."

"भाऊजी, चाकू खिशात ठेवा."

दोघांनी मिळून ओढलं. खालून काहीतरी जड, सैल, हळूहळू वर येऊ लागलं. आधी बुडबुडे, मग कुजका वास, मग शेवाळानं माखलेला ताडपत्रीचा एक कोपरा. ताडपत्री तर कुठल्याही टेम्पोची असेल, ती स्वतःशीच म्हणाली. तिनं हात घालून कोपरा धरला, अंगठ्यानं शेवाळ खरवडलं. खाली केशरी ठिगळ निघालं. जुन्या रेनकोटचं.

ठिगळाचे टाके जसेच्या तसे होते. साधा दोरा या ताडपत्रीवर टिकत नव्हता, म्हणून भाऊजींनी गळाचं तंगूस दिलं होतं, आणि त्या नायलॉनच्या दोरीनं तिनं अख्खी संध्याकाळ बसून ते शिवलं होतं. नवरा शेजारी उभा राहून चिडवत होता, हे ठिगळ माझ्यापेक्षा जास्त टिकेल बघ.

दिरानंही टाके ओळखले. तोंडावर हात दाबून तो वाकला आणि कयाक इतकी कलली की पाणी तिच्या मांडीवर आलं.

"वहिनी, सोडा. उलटू आपण."

"सरळ बसा," ती म्हणाली. "सोडलं तर पुन्हा म्हणतील, काही नव्हतं."

तिनं ताडपत्री मनगटाला गुंडाळली. दुसऱ्या हातानं गळ्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीतल्या फोनवर पिशवीवरूनच तुमचा नंबर दाबला. तुम्ही उचललात, साहेब. आज सुट्टी आहे, म्हणालात. उद्या कचेरीत या, म्हणालात. कोण बोलतंय, हे नंतर विचारलंत.

तिचा आवाज चढला नाही.

"आमच्या ह्यांना धरून बसलेय मी, तळ्याच्या मधोमध. तुम्ही येईपर्यंत सोडणार नाही. माणसं घेऊन निघा. पण फोन ठेवायच्या आधी एवढं सांगा, साहेब. हे कुणाबरोबर पळून गेले होते?"