लीडरच्या पुढे

“दिगूकाकांपेक्षा गोगलगाय बरी,” शालनच्या मागची मुलगी कुजबुजली. शालननं ऐकलंच नाही असं दाखवलं.

सगळ्यांत पुढे तिचे यजमान काठीवर रेलून धापा टाकत होते. लीडरच्या पुढे कुणी जायचं नाही, हा त्यांनीच घातलेला ट्रेकिंग क्लबचा नियम. म्हणून हिमालयातल्या या चढावरही ते थांबले की रांग थांबे आणि जो तो बुटाची नाडी बांधायला वाके.

दुपारी ढग उतरले की वरचं तळं दिसायचं नाही, असं वाटाड्यानं बजावलं होतं. ढग उतरायला लागलेसुद्धा होते.

“काका, फुलं बघा कसली!” कुणीतरी म्हणालं. तिथे नुसते दगड होते.

काकांनी पाऊल उचललं, ते लटपटलं. शालन थेट त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

“अहो, तुमच्याच्यानं आता होत नाही. पोरांना वाट द्या.”