गॅलरीचा शेवटचा खांब

बॉल प्रेक्षकांच्या बांबूच्या गॅलरीखाली गेला म्हणून काळुराम वाकून आत शिरला आणि जागच्या जागी थिजला. शेवटच्या खांबाची बांधणी सुटत चालली होती. आडवा बांबू चांगला वीतभर खाली सरकला होता आणि काथ्याचे पीळ एकेक करून तुटत होते. वर दोनशे माणसं बसली होती. त्यातच, नेमकी या खांबाच्या वर, दीड वर्षाच्या पोरीला मांडीवर घेऊन त्याची बायको सगुणा बसली होती.

बाहेर रेफरीने पेनल्टी दिली होती. ठाणेकर एका गोलने पुढे, खेळाचं शेवटचं मिनिट, आणि पेनल्टी मारायची काळुरामने. कल्याणच्या टीममध्ये त्याच्यासारखा नेम दुसऱ्या कुणाचा नव्हता. स्वातंत्र्यानंतर गावात निघालेला हा पहिलाच कप, त्यामुळे अर्धं कल्याण मैदानावर लोटलेलं. "अरे, बॉल आण की," म्हणून सगळे ओरडत होते.

आणि ही गॅलरी बांधली कोणी? यानेच. एरवी मांडव घालणं हाच त्याचा धंदा. काल संध्याकाळी शेवटच्या खांबाला नवा काथ्या कमी पडला. बाजारात जाऊन आणायला हवा होता, पण प्रॅक्टिसची वेळ झालेली. लग्नाच्या मांडवाचा जुना काथ्या कोपऱ्यात पडला होता, तोच त्याने गुंडाळला. एका दिवसाचा तर प्रश्न, काय होतंय, असं स्वतःशीच म्हणाला. आपण सगळेच असं म्हणतो, आणि बहुतेक वेळा काही होतही नाही.

पण काय होतं, ते काळुरामने एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. भिवंडीकडच्या एका गावात कुस्त्यांच्या फडाला अशीच गॅलरी बांधलेली. बांबू करकरत होते, तरी माणसं बसून होती तोवर ती उभी राहिली. मग कुणीतरी ओरडलं, पडतंय, पळा. सगळे एकदम उठले आणि सगळंच खाली आलं. काळुरामने फळ्यांखालून नऊ माणसं ओढून काढली होती. त्यातली चार पुन्हा कधी बोलली नाहीत. त्या फडानंतर कधीतरी, विलायतेत फुटबॉल बघायला गेलेली माणसं गर्दीत चेंगरून मेल्याचं पेपरात आलं, तेव्हा टीममधली पोरं म्हणाली, साहेबाच्या देशात असं कसं झालं? काळुराम त्या दिवशी जेवला नव्हता.

म्हणजे ओरडायचं नाही. शिडी एकच, आणि तीही अरुंद. बरं, ओरडलो नाही आणि गोल झाला तर? गोल झाल्यावर ही दोनशे माणसं बसून थोडीच टाळ्या वाजवणार होती? बॉल पोटाशी धरून काळुराम बाहेर आला. वर बघायची त्याची छाती झाली नाही.

मैदानाच्या कडेला खुर्चीवर वर्कशॉपचे साहेब बसले होते. तुझा खेळ बघतो आणि कायमची नोकरी देतो, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. ते खास त्याच्यासाठी आले होते. काळुरामने बॉल मांडला. गोलकीपर आधीच डावीकडे झुकलेला, उजवी बाजू सताड उघडी. इतकी सोपी पेनल्टी त्याला जन्मात मिळाली नव्हती. भीती एकच वाटत होती, सवयीने पाय सरळ जायचा. त्याने डोळे मिटले आणि बॉल आभाळात मारला.

गॅलरीतून नुसता एक उसासा आला. कोणी उठलं नाही. पलीकडे जमिनीवर उभे असलेले ठाणेकर तेवढे नाचले. नाचोत बापडे, त्यांच्या पायाखाली जमीन होती. रेफरीची शेवटची शिट्टी झाली आणि काळुराम धावत जाऊन गॅलरीखाली शिरला. सरकलेल्या बांबूला त्याने खांदा दिला आणि खांबाला मिठी मारली.

"बघा, तोंड लपवायला जागा शोधली," कॅप्टन मारुती बाहेरूनच म्हणाला. "विकलास का रे सामना?"

काळुरामने बांबू खांद्यावर आणखी वर रेटला. हरलेली माणसं सावकाश उतरतात, हे त्या दिवशी कल्याणचं नशीब. एकेक जण शिडीवरून शिव्या घालत खाली येत होता. कुणी फळीच्या फटीतून थुंकलं, ते त्याच्या मानेवर पडलं. पावलागणिक काथ्याचा एक पीळ तट्‌कन तुटत होता. खांदा बधिर झाला. साहेबांची खुर्ची रिकामी झालेली त्याला खालूनच दिसली.

सगळ्यांत शेवटी सगुणा उतरली. पोरीला कडेवर घेऊन ती वाकून त्याच्याकडे यायला लागली.

"आत येऊ नकोस," काळुराम म्हणाला. "तिथेच थांब. काय बोलायचं ते तिथूनच बोल."

ती कडेलाच थांबली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि पोरीला तिने इतकं घट्ट धरलं होतं की पोर रडत होती.

"तुमी असं तोंड लपवू नका. तुमचा काय गुन्हा नाय," ती म्हणाली, आणि तिलाही रडू फुटलं. "माझ्या खालची फळी हलत होती. गोल झाला नि माणसं उठली तर पोरगी खाली जाईल, असं मला वाटलं. मीच दुर्गाडीच्या देवीला हात जोडले, यांचा गोल होऊ देऊ नको म्हणून. तुमची नोकरी मी घालवली."