चिमूटभर उजेड

"नायिकेवर मणभर उजेड, आणि मोलकरणीच्या भूमिकेतली बायको अंधारात!" शालिनीताई दिवे सांभाळणाऱ्या नवऱ्याला प्रत्येक प्रयोगानंतर टोमणा मारायच्या. तो हसायचा. पण प्रवेश संपून काळोख झाला की रंगमंचावरून उतरायच्या पायरीवर त्यांच्यापुरता चिमूटभर उजेड पाडायचा. त्यांचा मोतीबिंदू त्याला एकट्यालाच ठाऊक होता.

आज तो वारल्यानंतरचा पहिला प्रयोग. त्यानेच कॉम्प्युटरात भरून ठेवलेल्या यादीप्रमाणे दिवे लागत होते. काळोख झाला. अडखळलं तर मोतीबिंदू कळणार, कामही जाणार, म्हणून शालिनीताई जागीच थबकल्या. तेवढ्यात पायरी उजळली.

प्रयोगानंतर त्या कॉम्प्युटर चालवणाऱ्या मुग्धाला म्हणाल्या, "पायरीवरचा दिवा तेवढा ठेव हं, बाई."

"तो होय? कशाला लागतो कळेना, म्हणून दुपारीच यादीतून काढून टाकला, ताई."

शालिनीताईंनी विझलेल्या दिव्यांकडे पाहिलं. "चला हो आता," त्या पुटपुटल्या, "रोज आपलं तुमचंच आवरायचं राहतं."